शहाजीरावांचा सव्वा महिना

मंद्रूपची केराबाई नातीच्या बाळंतपणासाठी म्हणून सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात गेली आणि सव्वा महिना राबून बाळंतपण करून बसली ते नातीच्या सासऱ्याचं. यात पदरचं काही नाही. सासरे शहाजीराव, वय वर्षं बासष्ट, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, अजून धडधाकट आहेत. त्यांना विचारलं तर ते स्वतःच सांगतील, आणि एकदा सांगायला लागले की ऐकणाऱ्याचा चहा निवून जाईल.

पण आधी केराबाई कोण ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. तसं ते सांगितल्यावरही वेड्यासारखंच वाटणार आहे, पण निदान कशावरून काय झालं ते तरी कळेल.

घर मेंढरांचं. नवरा गुंडा जन्मभर कळपामागे हिंडला, सत्तरी ओलांडली तरी हिंडतोच आहे. केराबाई मागे राहायची सासूच्या हाताखाली, आणि सासू बजाबाई ही बाळंतिणींना न्हाऊ घालून शेक देणारी. बजाबाईचे हात थकले तसं ते काम केराबाईकडे आलं. चाळीस वर्षं तिने मंद्रुपात आणि आसपासच्या वस्त्यांवर शेगडी पेटवली. तीनशेच्या वर बाळंतिणी तिच्या हाताखालून गेल्या, आणि एकदा भर पावसात व्यालेली एक मेंढीसुद्धा. मेंढीला शेक दिला म्हणून गाव हसलं होतं. मेंढी जगली, मग गप्प बसलं.

शेक देणं म्हणजे नुसता जाळ करणं असं ज्याला वाटतं त्याने केराबाईसमोर तसं बोलून बघावं. कोळसा बाभळीचाच पाहिजे. तो पेटला म्हणजे झालं नाही, तो पिकला पाहिजे. निखाऱ्याच्या पोटात काळं राहिलं की तो धूर करणार, डोळ्यात जाणार, घशाला लागणार. अंगभर राखाडी साय धरली आणि फुंकर मारल्यावर आतून सगळा लाल दिसला की समजायचं पिकला. मग राख झाडून निखारे कडेकडेने मांडायचे. मधोमध ढीग घालायचा नाही, मधला निखारा माजतो आणि बाकीच्यांनाही माजवतो. ऊब जास्त वाटली तर पाणी शिंपडायचं नाही, निखाऱ्यावर राखेचं पांघरूण घालायचं. हे सगळं ती बोलून शिकवत नसे. तिचा चिमटा चालायचा तो बघून ज्याने त्याने समजून घ्यायचं. आपल्या शेगडीपुढे एकाही लेकराच्या डोळ्याला पाणी आलेलं नाही, हा तिचा एकच तोरा होता आणि तो तिने मरेपर्यंत मिरवायचा ठरवला होता.

पण मिरवायला शेगडी पेटायला तर हवी. गेल्या सात-आठ वर्षांत बाळंतपणं सगळी दवाखान्यात गेली आणि परत येताना बायका डॉक्टरांचा सल्ला घेऊन येऊ लागल्या. शेक नको, धुरी नको, धुराने लेकराची छाती भरते. डॉक्टरांचंही काही खोटं नव्हतं. दारं-खिडक्या लावून ओल्या लाकडाचा धूर करणाऱ्या आणि लेकरं खोकवणाऱ्या बाया केराबाईने पाहिल्या होत्या, त्यांना तोंडावर शिव्याही घातल्या होत्या. पण त्या बायांबरोबर तीही मोडीत निघाली. मागच्या चार वर्षांत तिला एकाही घरचं बोलावणं आलं नाही. चिमट्याला गंज चढू नये म्हणून ती दर पंधरा दिवसांनी त्याला तेलाचं बोट पुसायची आणि मनाशी म्हणायची, दुसऱ्याचं सोड, आपली नात आहे की. राजनंदिनी बाळंत होईल तेव्हा कोण आपल्याला अडवतंय?

राजनंदिनी म्हणजे केराबाईच्या लेकाची, जोतिरामची मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण सासरच्यांनी ठरवलं की मंद्रूपची धूळ, रस्त्यातले खड्डे, लाईट जाणं, हे पाच दिवसांच्या लेकराला कशाला? दवाखाना सोलापुरात, तेव्हा बाळ-बाळंतीण इथेच राहू द्या, माहेरचं माणूस हवं तर इकडे येऊ दे. राजनंदिनीची आई पूनम अंगणवाडीत, तिला रजा मिळेना. मग केराबाई निघाली. जोतिरामच्या टेम्पोत एक वळकटी, एक शेगडी, चिमटा, ओव्याची पुरचुंडी आणि बाभळीच्या कोळशाचं आख्खं पोतं घालून ती जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दारात उतरली. चेहरा असा की जशी काही सीमेवर कुमक घेऊन आली आहे.

दार उघडलं उत्कर्षाने. ही राजनंदिनीची नणंद, अजून लग्न न झालेली, आहारशास्त्र शिकलेली. घरात आई नव्हती. ती चुलीच्या धुराने छाती खराब होऊन गेली होती, त्यामुळे घराचा कारभार उत्कर्षाकडे आणि धुराचं नाव काढलं की तिच्या कपाळावर आठी. तिने फ्रीजवर एक तक्ता चिकटवला होता. कितीला दूध, कितीला ओट्स, कितीला झोप. बाळंतिणीच्या खोलीत एसी होता आणि कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं एक पांढरं यंत्र घुरघुरत बसलं होतं. उत्कर्षाने पोत्याकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली की आजी, तुम्ही आता काही काही करायचं नाही, तुम्ही फक्त आराम करायचा. केराबाईला आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले होते, पण असं झोंबणारं कुणी बोललं नव्हतं.

केराबाईने शेकाचं विचारलं, उत्कर्षा नाही म्हणाली. पोतं गॅलरीत गेलं, शेगडीही गॅलरीत गेली. केराबाईने नातजावयाला, अजिंक्यला, विचारून पाहिलं. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला की ताई म्हणेल तसं. खाटेवर राजनंदिनी पडलेली होती, अंगावर दोन पांघरुणं, शेजारी बाळ. ती काही बोलली नाही. केराबाईने ते न बोलणं उचललं आणि गाठीला बांधलं. चार वर्षं शहरात नांदली, पोरगी बदलली, असा तिने अर्थ लावला आणि अर्थ लागल्यावर पुढे काही विचारायचं कारण उरलं नाही. ती खोलीत जायची ती बाळाला मांडीवर घ्यायला, तेही हात साबणाने धुऊन, उत्कर्षा उभी असताना. बाकी वेळ गॅलरीत.

पण ती हटली नाही. सव्वा महिन्यात कधीतरी, कुणीतरी, एकदा तरी म्हणेल की आजी, आणा ती शेगडी. त्या घडीला शेगडी थंड सापडता कामा नये. म्हणून ती रोज सकाळी गॅलरीत निखारे तयार करायची आणि उत्कर्षाने विचारलं तर माझे गुडघे शेकते म्हणायची. दिवस चैत्राचे. सोलापुरात सकाळी नऊलाच डोकं भणभणतंय, आणि ही बाई तिसऱ्या मजल्यावर शेगडी पेटवून बसलेली. खालच्या वॉचमनला वाटायचं, वर कुणाच्या तरी अंगात येतं.

आता त्या गॅलरीत आणखी एक माणूस हद्दपार झालेला होता, तो म्हणजे शहाजीराव. तीस वर्षं बिड्या ओढल्यावर डॉक्टरांनी त्यांना बिडी सोडायला लावली होती. सोडली. पण मागच्या दिवाळीत शेजारच्या बसलिंगप्पांबरोबर ते हैदराबादला गेले आणि येताना हुक्का घेऊन आले. यात धूर पाण्यातून धुऊन येतो, त्यामुळे तो चालतो, असा शोध त्यांनी स्वतःच लावला होता. डॉक्टरांना त्यांनी तो सांगितला नव्हता. उत्कर्षाने तीन महिने भांडण करून पाहिलं आणि शेवटी दमून त्यांना हुक्क्यासकट गॅलरीत घालवून काचेचं दार ओढून घेतलं.

हुक्का दिसायला झकास. खाली काचेचं पोट, त्यात पाणी, वर पितळी दांडा, दांड्यावर मातीची चिलीम. चिलमीत गुळात मुरवलेली तंबाखू, तिच्यावर टाचणीने भोकं पाडलेला चंदेरी कागद आणि त्यावर पेटता कोळसा. कोळसा अजिंक्यने मागवलेला, गोल वड्यांचा, काडी लावली की फुरफुर करत पेटणारा. शहाजीराव तीन वड्या एकदम मधोमध रचायचे, नळी तोंडात धरायचे, डोळे मिटून नवाबासारखा एक झुरका घ्यायचे, आणि मग पुढची पाच मिनिटं नुसता खोकला. खोकून खोकून डोळे लाल, नाकातून पाणी. जरा ओसरलं की पुन्हा नळी तोंडात. केराबाईला आधी वाटलं की माणसाला काही शिक्षा झालेली असावी.

दोन दिवस तिने तोंड दाबून पाहिलं. व्याह्यांच्या घरी आलोय, बोलू नये. तिसऱ्या दिवशी मात्र एका वडीच्या पोटात काळं असताना त्यांनी ती चिलमीवर ठेवली आणि केराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने चिमट्याने ती वडी उचलली आणि खाली कुंडीत फेकून दिली.

"पावणं," ती म्हणाली, "ह्यात फटाक्याची दारू हाय. ही तुमी वडताय व्हय? तंबाकूला शेक पायजे, चटका न्हाय."

शहाजीरावांना आधी राग आला. पण खोकल्यामुळे रागावता येईना. तोवर तिने आपल्या शेगडीतले बाभळीचे दोन पिकलेले निखारे निवडले, राख झाडली, चंदेरी कागद जरा ताणून तंबाखूपासून वर उचलला, आणि निखारे कडेला ठेवले, एक या अंगाला, एक त्या अंगाला. थोड्या वेळाने म्हणाली, घ्या. शहाजीरावांनी भीतभीत झुरका घेतला. खोकला आला नाही. दुसरा घेतला. नाही आला. शहाजीरावांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की केराबाईला चार वर्षांत पहिल्यांदा आपण माणसात आहोत असं वाटलं.

इथवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. घोटाळा पुढे झाला. दुसऱ्या दिवशी शहाजीरावांनी सहज विचारलं की मावशी, छाती अजून जरा खवखवते, ते कशाने? केराबाईला छातीबद्दल, अंगाबद्दल, उबेबद्दल जे काही ठाऊक होतं ते एकाच प्रकारच्या माणसांबद्दलचं होतं. तिने क्षणभर विचार केला आणि सांगितलं की निखाऱ्याचं मी बघितलं, आता अंगाचं बघायला पाहिजे. अंग उघडं पडलंय. वारं शिरतंय. कान बांधा.

शहाजीरावांनी कान बांधले. बेचाळीस डिग्रीत. कारण काल या बाईचं ऐकलं आणि गुण आला, तेव्हा आजही ऐकायचं, एवढा साधा हिशेब. मग गार पाणी बंद झालं. वांगं बंद झालं. हरभऱ्याची डाळ बंद झाली. सकाळी तेल लावून पाठ चोळायची, मग पाटावर शेगडीकडे पाठ करून बसायचं, चिमूटभर ओवा, आणि शेक झाल्यावरच हुक्का. दोन शिंका आल्या तर त्या दिवशी हुक्का नाही. पूनम दर रविवारी मंद्रूपहून लेकीसाठी डिंकाचे लाडू धाडायची. उत्कर्षाच्या तक्त्यात तुपाला जागा नव्हती, म्हणून तो डबा गॅलरीत यायचा. बाळंतीण आत ओट्स खायची आणि सासरा बाहेर डिंकाचे लाडू खायचा. अळिवाची खीर तर केराबाईने त्याच्यासाठी गॅलरीतच शिजवली.

आणि मेलं त्यांना मानवलंही. दहा दिवसांत शहाजीराव टवटवीत दिसायला लागले. खुर्चीवर बसून बसून तीस वर्षं दुखणारी कंबर सुटली. बाळाला बघायला सोसायटीतल्या बायका यायच्या, पाच मिनिटं खोलीत बसायच्या, खोली गार, नंतर गॅलरीच्या काचेला नाक लावून उभ्या राहायच्या. पलीकडे कान बांधलेले शहाजीराव, पाठीमागे शेगडी, हातात लाडू. एकीने तर बाळाचं टोपडं दिलं आणि जाताना शहाजीरावांना, जपा हां, म्हणून गेली. ते हो म्हणाले.

बसलिंगप्पा बघायला आले आणि राहिलेच. त्यांना खांदा होता. मग पंचाक्षरी म्हणून त्यांचे एक दोस्त आले, त्यांना गुडघा होता. विसाव्या दिवसापर्यंत गॅलरीत तीन थोर पुरुष कान बांधून ओळीने बसलेले असत आणि केराबाई चिमटा घेऊन या पाठीकडून त्या पाठीकडे फिरत असे. खरं सांगायचं तर ती रमली होती. पहाटे उठताना तिला आज कुणाची पाठ कशी आहे हे आठवायचं. खोलीतली नात आठवायची, नाही असं नाही, पण आठवली की आत कुठेतरी टोचायचं, म्हणून ती पटकन शेगडी पेटवायला बसायची.

हुक्क्याचं म्हणाल तर तोही तिने सोडला नव्हता. शहाजीरावांना झुरका मऊ हवा होता, आणि केराबाईला मऊ कसं करायचं ते एकाच रीतीने येत होतं, ते म्हणजे ऊब कमी करत जायची. दोन निखाऱ्यांचा एक झाला. एकावर राखेचं पांघरूण आलं. मग पांघरूण जाड झालं. पंचविसाव्या दिवशी चिलमीवर बोराएवढा एक निखारा होता आणि तो राखेखाली इतका गाढ झोपलेला की तंबाखूला त्याची खबरही नव्हती. शहाजीराव नळी ओढत होते, पाणी गुडगुडत होतं, आणि नळीतून येत होती ती निव्वळ हवा.

केराबाईने विचारलं की आता घशाला लागतोय का? शहाजीराव डोळे मिटून म्हणाले की लागतच नाही, मावशी, असा धूर नवाबाला मिळाला नसेल. बसलिंगप्पांनी नळी मागून घेतली, ओढली, नळीत डोळा लावून पाहिलं, पुन्हा ओढली आणि म्हणाले की शहाजीराव, यात काही येतच नाही. शहाजीरावांना त्यांची कीव आली. तुमची छाती अजून तयार नाही, असं त्यांनी समजावलं. त्यानंतर बसलिंगप्पाही डोळे मिटून ओढायला लागले. आपली छाती तयार नाही असं कोण म्हणवून घेईल? तंबाखूचा तो एकच डबा नंतर संपलाच नाही.

आत उत्कर्षा बघत होती. वडिलांचा खोकला थांबलाय हे तिला कळत होतं, कशाने थांबलाय ते तिच्या कुठल्याच पुस्तकात बसत नव्हतं. एकदा ती हवेचं यंत्र उचलून गॅलरीच्या दारात घेऊन आली. यंत्रावर हिरवा दिवा असला की हवा चांगली, लाल झाला की वाईट. ते दार उघडून ती पाच मिनिटं उभी राहिली. दिवा हिरवाच. ती यंत्र घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवशी फोडणी करताना दिवा लाल होऊन यंत्राची पिरपिर ऐकू आली. पण शेगडी आत आणा असं ती म्हणाली नाही, आणि केराबाईनेही पुन्हा विचारलं नाही. मानी माणसं दोन्हीकडे होती. दिवस तेवढे संपत आले.

एकोणचाळिसावा दिवस उजाडला. उद्या जोतिराम टेम्पो घेऊन येणार आणि आई, चल म्हणणार. केराबाईला त्या सकाळी काही सुधरत नव्हतं. तीनशे बाळंतिणी झाल्या आणि सख्ख्या नातीची पाठ कोरडी राहिली. आता यापुढे कोण बोलावणार? गुंडाला जाऊन काय सांगायचं? तिने तरीही शेगडी पेटवली, कारण सकाळ झाली की दुसरं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात बसलिंगप्पा आणि पंचाक्षरी आले ते टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन. शहाजीरावांचा सव्वा महिना पुरा होतोय, तर आहेर करायला नको का? सोलापुरात कुणाचं काहीही झालं तरी टॉवेल-टोपी लागतेच. शहाजीरावांना पाटावर बसवलं, बांधलेल्या कानांवरून टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, मांडीत नारळ दिला. पंचाक्षरी म्हणाले की सव्वा महिन्याने बाळंतीण देवाला जाते, तर उद्या आपण यांना सिद्धेश्वराला घेऊन जाऊ. ते तिघे हसले ते असे हसले की खालचा वॉचमन वर बघायला लागला. केराबाईही हसली. तिचा हात शहाजीरावांच्या पाठीवर होता, तेलाने माखलेला.

तेव्हा काचेचं दार सरकलं.

दारात राजनंदिनी उभी होती. वैशाखाच्या उन्हात अंगावर स्वेटर, वर शाल, केस विस्कटलेले. सगळ्यांना वाटलं की बाळ उठलं असेल, गलका करू नका सांगायला आली असेल. पंचाक्षरींनी घाईने सॉरी म्हटलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती सासऱ्यांकडे बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "उठा तिथनं."

चार वर्षांत तिने सासऱ्यांशी मान वर करून बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. शहाजीराव उठले. टोपी, टॉवेल, नारळ सगळ्यासकट उठले आणि एका बाजूला उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. बसलिंगप्पांनी पंचाक्षरींचा दंड धरला आणि दोघे चपला हातात घेऊन पसार झाले. आतून उत्कर्षा धावत आली होती. तिने राजनंदिनीचं तोंड पाहिलं. शहाजीरावांना तिने हाताला धरून आत घेतलं, बाळाला उचललं आणि दार पुन्हा ओढून घेतलं.

राजनंदिनी पाटावर बसली, शेगडीकडे पाठ करून. केराबाईने घाईघाईने हात पुसले, शाल बाजूला केली आणि स्वेटरखालून पाठीवर हात ठेवला. पाठ गार होती. चाळीस दिवस एसीच्या वाऱ्यात पडून कंबरेला गाठी धरल्या होत्या. केराबाईने अशा पाठी पाहिल्या होत्या, पण परक्या घरच्या.

"किती दिस झाले दुखतंय?"

"पहिल्या दिवसापासनं."

"मग बोलायचं न्हाईस, पोरी? तुजी नणंद न्हाय म्हनली, मी गप बसले."

"ती न्हाय म्हणली," राजनंदिनी म्हणाली. "मी म्हणले का? आजी, ते दार काचेचं हाय. मला रोज सगळं दिसत होतं. मामांची पाठ, आप्पांचा खांदा, त्या तिसऱ्याचा गुडगा. रोज सकाळी मला वाटायचं, आज तरी आत येऊन विचारशील. तू मेंढीला शेक दिलास म्हणून मी शाळेत सगळ्यांना सांगत होते. मला एकदा तरी विचारलंस?"

सुनेला बोलायला तोंड नसतं हे केराबाईला ठाऊक होतं, ती स्वतः त्याच रीतीत म्हातारी झाली होती. उत्कर्षाला तिने विचारलं होतं, नातजावयाला विचारलं होतं, शहाजीरावांना तर रोज विचारत होती. ज्या खाटेसाठी एवढं पोतं वाहून आणलं त्या खाटेशी बसून मात्र तिने एकदाही विचारलं नव्हतं. आपला मान राहिला नाही म्हणून ती चाळीस दिवस रुसून बसली होती, आणि तो रुसवा नातीच्या पाठीत जाऊन बसला होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसायला हात तेलाचे.

"चुकलं माजं," ती म्हणाली. "आता सांग. सगळं सांग."

राजनंदिनीने आधी कंबरेचं सांगितलं, मग मानेचं. मग ती बोलतच राहिली. बाळ रडलं की काळजात धडधडतं, झोपलं की श्वास चालतोय का म्हणून उठून उठून बघते. दूध कमी येतं असं वाटतं, पण तक्त्यात ते कुठे विचारायचं ते लिहिलेलं नाही. मंद्रूपची आठवण येते, आणि आठवण येते म्हटलं तर इथे काय कमी आहे असं विचारतील. लाडवाचा वास आतपर्यंत यायचा. हे सांगताना ती हसली आणि हसता हसता रडायला लागली, आणि रडत रडतही सांगत राहिली.

केराबाई तिच्यासमोर बसून ऐकत होती. मध्ये कधीतरी ऊन गॅलरीतून भिंतीवर चढलं. शेगडीतले निखारे राखेत जाऊन पार विझले, तरी तिने चिमट्याला हात लावला नाही.